आर्सेनिकच्या प्रयोगाचा आराखडा: प्राणी निवडण्यापासून नमुने मोजण्यापर्यंत

विषशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलामुलींचे आराखडे माझ्याकडे वाचायला येतात. त्यातले बरेच इथल्याच, ग्वाल्हेरातल्या लष्कर-मुरारच्या मराठी घरांतले असतात. कॉलेज हिंदीत, पेपर इंग्रजीत, शंका मात्र मराठीत. आर्सेनिकवरच्या आराखड्यांत चुका त्याच त्या दिसतात आणि त्यांचं मूळ क्रमात असतं. आधी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये कोणता प्राणी मिळतोय ते पाहायचं, मग जुन्या पेपरमधला डोस उचलायचा, मग कुठल्यातरी वनस्पतीचा अर्क ठरवायचा, आणि प्रस्तावना लिहिताना प्रश्न शोधायचा. हा क्रम बरोबर उलटा करायचा आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. एखादा टप्पा झाला नसेल तर पुढचा सुरू करू नका.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘आर्सेनिकचा यकृतावरील परिणाम अभ्यासणे’ हा प्रश्न नाही, तो विषय आहे. प्रश्न असा हवा: ‘पिण्याच्या पाण्यातून १६ आठवडे आर्सेनाइट दिल्यावर आणि मग बंद केल्यावर, अमुक औषधाने यकृतातलं आर्सेनिक नुसतं बंद करण्यापेक्षा लवकर कमी होतं का?’ या एका वाक्यात मार्ग, मुदत, संयुग, अवयव आणि तुलना असं सगळं आलं. (आर्सेनाइट म्हणजे त्रिसंयुजी आर्सेनिकचं संयुग, आर्सेनेट म्हणजे पंचसंयुजी.) तुलना कशाशी करायची हे वाक्यात नसेल तर ते वाक्य अजून कच्चं आहे.

प्रश्न शरीरातल्या आर्सेनिकच्या ये-जाबद्दल आहे, इजेबद्दल आहे, कर्करोगाबद्दल आहे की विषावरच्या उताऱ्याबद्दल, हे त्या वाक्याखाली लिहून ठेवा. पुढची निवड सगळी त्यावर ठरते.

## टप्पा २: प्रश्नाला चालेल असा प्राणी निवडा

माणसाच्या यकृतात एएस३एमटी हे एन्झाइम आर्सेनिकला मिथाइल गट जोडतं. आधी एमएमए (एक मिथाइल गट असलेलं) बनतं, मग डीएमए (दोन असलेलं), आणि हे बहुतांशी लघवीवाटे जातं. माणसाच्या लघवीत साधारण ६० ते ८० टक्के डीएमए, १० ते २० टक्के एमएमए आणि तेवढंच असेंद्रिय आर्सेनिक सापडतं. हे प्रमाण डोळ्यापुढे ठेवून प्रत्येक प्राण्याकडे पाहा.

रॅट. भारतात सर्वात जास्त वापरला जाणारा आणि आर्सेनिकसाठी सर्वात फसवा. रॅटच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत १३व्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे. माणसात त्या जागी ते नाही. त्रिसंयुजी डीएमए त्याला घट्ट चिकटतं आणि तांबडी पेशी मरेपर्यंत, म्हणजे सुमारे ६० दिवस, तिथेच बसतं. त्यामुळे रॅटच्या रक्तातलं आर्सेनिक भरमसाट निघतं आणि डोस थांबवल्यावरही हळू उतरतं. रक्तातली पातळी, अर्धायुष्य किंवा ‘औषधाने रक्तातलं आर्सेनिक उतरलं’ असं काही म्हणायचं असेल तर रॅट घेऊ नका. वर्तन, ऊतींची रचना, मूत्राशयावर डीएमएचा परिणाम यांसाठी तो चालतो.

माऊस. इथे अडचण वेगळी. माऊस आर्सेनिक फार झपाट्याने मिथाइल करतो आणि बाहेर टाकतो. एका डोसमधलं बहुतेक आर्सेनिक दोन दिवसांत निघून जातं, आणि लघवीत एमएमए माणसापेक्षा खूपच कमी असतं. म्हणून माऊसला इजा दाखवायला माणसापेक्षा बरेच जास्त डोस लागतात. २०२० मध्ये माणसाचं एएस३एमटी जनुक बसवलेला माऊस प्रसिद्ध झाला. त्याच्या लघवीतलं प्रमाण माणसाच्या जवळ जातं. तो तुमच्या आवाक्यात नसला तरी त्याच्याबद्दल माहिती असावी, कारण परीक्षक विचारणारच.

गिनीपिग आणि मार्मोसेट (एक छोटं माकड). हे आर्सेनिक जवळजवळ मिथाइल करतच नाहीत. इजेला मिथाइलेशन लागतं का, हा प्रश्न असेल तर हेच वैशिष्ट्य कामाचं. एरवी नको.

हॅमस्टर आणि ससा. मिथाइलेशनच्या बाबतीत रॅट-माऊसपेक्षा माणसाला जवळचे. पण अभिकर्मक, अँटिबॉडी, जुने संदर्भ सगळे रॅट-माऊसचे असतात, त्यामुळे कुणी त्यांच्या वाटेला जात नाही.

झेब्राफिश. भ्रूणावस्थेतल्या परिणामांची लवकर चाळणी करायला ठीक.

त्वचेबद्दल आधीच सांगतो. तळहातांवरचा जाड खरखरीतपणा आणि अंगावरचे पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे डाग ही माणसातली ओळखीची लक्षणं साध्या रॅट-माऊसमध्ये येत नाहीत. आराखड्यात ‘त्वचेची लक्षणे निरीक्षिली जातील’ असं लिहू नका. कर्करोगाचंही तसंच. प्रौढ माऊसला नुसतं आर्सेनिक पाजून बरीच वर्षं गाठी दाखवता येत नव्हत्या. २००३ मध्ये सी३एच जातीच्या गाभण माद्यांना गर्भाच्या ८व्या ते १८व्या दिवसापर्यंत ४२.५ आणि ८५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आर्सेनिकचं पाणी दिलं, तेव्हा पिल्लं मोठी झाल्यावर नरांत यकृत व अधिवृक्क ग्रंथी, आणि माद्यांत अंडाशय व फुफ्फुस इथे गाठी वाढलेल्या दिसल्या. डोस फक्त दहा दिवसांचा होता. कोणत्या वयात दिलं यावर इतका फरक पडतो.

> तपासणी: ‘या प्राण्यातला माझा निष्कर्ष माणसाला कुठे लागू होणार नाही?’ याचं उत्तर तीन ओळींत लिहा. लिहिता आलं नाही तर प्राणी अजून निवडलेला नाही, तो फक्त हाताशी आहे.

## टप्पा ३: आधीपासून असलेलं आर्सेनिक शोधा

डोस ठरवण्याआधी कंट्रोल गटाला, म्हणजे ज्याला आर्सेनिक द्यायचं नाही त्या गटाला, नकळत किती आर्सेनिक मिळतंय ते मोजा. हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात.

खाद्य पाहा. धान्य आणि मासळीचं कूट घालून बनवलेल्या गोळ्यांत आर्सेनिक असतं. २००८ मध्ये अमेरिकेत एका प्रचलित खाद्यात सुमारे ३९० पीपीबी (पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग) आर्सेनिक मोजलं गेलं, तर शुद्ध घटकांपासून बनवलेल्या एआयएन-७६ए खाद्यात सुमारे २० पीपीबी. दोन खाद्यांवरच्या माऊसच्या यकृतात जनुकांची अभिव्यक्तीही वेगळी निघाली. तुम्ही पाण्यातून ५० किंवा १०० पीपीबी देणार असाल तर अशा खाद्यावरचा कंट्रोल हा कंट्रोलच नाही. २५ पीपीएम देणार असाल तर फरक बुडून जातो, पण आकडा लिहावाच लागतो. मासळीतलं आर्सेनिक बहुतेक आर्सेनोबीटेन असतं. ते फारसं विषारी नाही, पण लघवीतलं एकूण आर्सेनिक मोजलंत तर आकडा फुगवतं.

अंथरूणही पाहा. आपल्याकडे भाताचा तूस स्वस्त मिळतो म्हणून सर्रास वापरतात. भात इतर धान्यांपेक्षा जास्त आर्सेनिक शोषतो, आणि प्राणी अंथरूण कुरतडतात. मक्याच्या कणसाच्या दांड्यांचा भुगा मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर तुसाचा नमुना मोजून घ्या.

पाण्यासाठी नळ वापरू नका. तिघरा धरणातून शहराला मिळणारं पाणी क्लोरिन घालून येतं, आणि क्लोरिन आर्सेनाइटचं आर्सेनेट करून टाकतं. बोअरच्या पाण्यातलं लोहही गडबड करतं. सगळ्या गटांना, कंट्रोललाही, एकच डीआयोनाइज्ड पाणी द्या.

> तपासणी: खाद्य, अंथरूण आणि पाणी यांचे आर्सेनिकचे आकडे बॅच नंबरसह वहीत आहेत का? खाद्याची बॅच बदलली की पुन्हा मोजा.

## टप्पा ४: डोस काढा

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त पेपर याच पायरीवर पांगळे होतात.

पहिली गोष्ट: क्षार की मूलद्रव्य. सोडियम आर्सेनाइटचा रेणुभार १२९.९ आणि त्यात आर्सेनिक ७४.९, म्हणजे ५७.७ टक्के. सात पाण्याच्या सोडियम आर्सेनेटचा रेणुभार ३१२, त्यात आर्सेनिक फक्त २४ टक्के. एक लिटरला २५ मिलिग्रॅम सोडियम आर्सेनाइट टाकलंत तर पाण्यात आर्सेनिक १४.४ पीपीएम असतं, २५ नव्हे. खरे २५ पीपीएम आर्सेनिक हवे असतील तर लिटरला ४३.४ मिलिग्रॅम आर्सेनाइट किंवा १०४ मिलिग्रॅम सात पाण्याचं आर्सेनेट लागेल. आपल्याकडच्या कामांत २५ ते १०० पीपीएम हे आकडे नेहमी दिसतात, पण ते क्षाराचे की आर्सेनिकचे हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच नसतं. अशा पेपरचा डोस उचलू नका.

दुसरी गोष्ट: पीपीएम म्हणजे डोस नाही. डोस म्हणजे शरीराच्या एका किलोला दिवसाला किती मिलिग्रॅम आर्सेनिक गेलं ते. २५ ग्रॅमचा माऊस दिवसाला ४ मिलिलिटर पाणी प्यायला आणि पाण्यात १० पीपीएम आर्सेनिक असेल, तर ०.०४ मिलिग्रॅम भागिले ०.०२५ किलो, म्हणजे १.६ मिलिग्रॅम प्रति किलो. २०० ग्रॅमचा रॅट त्याच पाण्याचे २२ मिलिलिटर प्यायला तर १.१. पाणी तेच, डोस वेगळा.

तिसरी गोष्ट: माणसाशी तुलना. ६० किलोचा माणूस १०० पीपीबीचं ३ लिटर पाणी प्यायला तर त्याला ०.००५ मिलिग्रॅम प्रति किलो मिळतं. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे पाणी मर्यादेच्या दहापट. आता माऊसचा १.६ घ्या. औषधांसाठी वापरतात तो शरीरपृष्ठाचा भाजक १२.३ लावला तर माणसासाठी ०.१३ मिलिग्रॅम प्रति किलो येतं. म्हणजे त्या ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७.८ मिलिग्रॅम, लिटरला २.६. रूपांतर करूनही हा डोस १०० पीपीबीच्या २६पट आहे. हा भाजक औषधांसाठी बनला, आर्सेनिकला तो तंतोतंत लागत नाही. माऊस आर्सेनिक लवकर बाहेर टाकतो म्हणून जास्त डोस देणं काही प्रमाणात योग्यही आहे. पण तो किती पट आहे हे आराखड्यात लिहा. ‘पर्यावरणीय पातळीशी सुसंगत डोस’ असं लिहून खाली ५० पीपीएम देऊ नका.

चौथी गोष्ट: मार्ग. दीर्घकाळ पाण्यातून होणाऱ्या विषबाधेचा प्रश्न असेल तर पाण्यातूनच द्या. सुईने पोटात टोचलं तर आतड्याची पायरीच गळते. गॅव्हाजने, म्हणजे नळीने पोटात, दिलं तर दिवसाचा डोस एका झटक्यात जातो आणि यकृताला एकदम मोठा लोंढा झेलावा लागतो. गॅव्हाजने डोस नेमका मिळतो हे खरं. ज्याला डोसचा नेमकेपणा हवा त्याने तो घ्यावा, पण मग ‘पिण्याच्या पाण्याचं मॉडेल’ म्हणू नये.

> इशारा: ५० पीपीएमच्या आसपास आणि त्यावर प्राणी पाणी कमी पिऊ लागतात. पाणी कमी म्हणजे खाणं कमी, वजन कमी, यकृतातलं ग्लुटाथायोन (पेशींना विषापासून वाचवणारा रेणू) कमी. मग तुम्ही आर्सेनिक मोजताय की तहान, हे सांगता येत नाही. वरचा डोस हवाच असेल तर कंट्रोलचा आणखी एक गट ठेवा आणि त्याला आर्सेनिक गट जितकं पितो तितकंच साधं पाणी द्या.

## टप्पा ५: गट मांडा, उताऱ्याची वेळ ठरवा

हा लेख लिहायला बसलो तो या टप्प्यासाठी. वनस्पतीचा अर्क, जीवनसत्त्व, चिलेटर (धातूला धरून शरीराबाहेर नेणारं औषध), काहीही असो, नेहमीची मांडणी चार गटांची असते: कंट्रोल, आर्सेनिक, आर्सेनिक अधिक अर्क, नुसता अर्क. अर्क पहिल्या दिवसापासून आर्सेनिकबरोबरच चालू असतो. शेवटी तिसऱ्या गटाचे आकडे दुसऱ्यापेक्षा बरे येतात आणि निष्कर्ष निघतो की अर्क विषबाधेवर ‘उपचार’ करतो.

याने उपचार सिद्ध होत नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात गेले की अर्कातले फेनॉल किंवा सल्फरची संयुगं आर्सेनिकला आतड्यातच धरू शकतात, आणि मग मुळात कमी आर्सेनिक रक्तात जातं. तो प्रतिबंध असेल, उपचार नव्हे. दोन्ही एकाच बाटलीत घालणं तर आणखी वाईट. मग तुम्ही पोटातलं नाही, बाटलीतलं रसायनशास्त्र अभ्यासताय.

उपचाराचा प्रश्न असेल तर मांडणी अशी असावी:

1. साधं पाणी, पूर्ण मुदत.
2. आर्सेनिक, आणि मुदत संपल्यावर लगेच नमुने.
3. आर्सेनिक, मग साधं पाणी, उपचाराच्या मुदतीइतकं.
4. आर्सेनिक, मग साधं पाणी अधिक तुमचा उतारा.
5. आर्सेनिक, मग साधं पाणी अधिक ज्ञात चिलेटर.
6. साधं पाणी, मग नुसता उतारा.

चौथ्या गटाची तुलना तिसऱ्याशी करायची, दुसऱ्याशी नव्हे. आर्सेनिक बंद केलं की शरीर ते स्वतःच बाहेर टाकतं, माऊस तर फारच लवकर. तिसरा गट नसेल तर हे आपसूक झालेलं सावरणं उताऱ्याच्या खात्यावर जमा होतं. परीक्षकांच्या हातून ही चूक निसटते याचं मला अजूनही नवल वाटतं.

पाचव्या गटासाठी डीएमएसए घेतात. रॅट-माऊसला तोंडाने ५० मिलिग्रॅम प्रति किलो, रोज १ वेळा, ५ दिवस ही नेहमीची पद्धत. इथे झाशी रोडच्या डीआरडीईमधून, म्हणजे संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळेतून, एमआयएडीएमएसए या डीएमएसएच्या एस्टरवर बरंच प्रकाशित काम झालंय. गटांची मांडणी आणि विश्रांतीच्या दिवसांचा हिशोब शिकायला ते पेपर वाचा. बीएएल (डायमरकॅप्रॉल) मात्र ज्ञात चिलेटर म्हणून घेऊ नका. जुनं आणि ओळखीचं औषध असलं तरी प्राण्यांत त्याने आर्सेनिक मेंदूकडे सरकल्याचं दिसलंय.

चिलेटर जस्त आणि तांबंही ओढून नेतात, म्हणून सहाव्या गटात तेही मोजा.

> तपासणी: उताऱ्याचा पहिला डोस आणि आर्सेनिकचा शेवटचा डोस यांत किमान १ दिवसाचं अंतर आहे का? नसेल तर शीर्षकातून ‘उपचार’ शब्द काढा.

## टप्पा ६: संख्या आणि पिंजरे

लहान प्रयोगासाठी सोपा हिशोब असा: एकूण एककं वजा गटांची संख्या, उत्तर १० ते २० मध्ये यावं. ४ गट, प्रत्येकी ६ प्राणी, २४ वजा ४ म्हणजे २०. छान दिसतं. पण आर्सेनिक बाटलीतून जातंय आणि एका पिंजऱ्यातले ३ रॅट एकच बाटली पितात, तर कोण किती प्यायला हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमचं एकक पिंजरा आहे. गटाला २ पिंजरे, एकूण ८, वजा ४, म्हणजे ४. प्रयोग कोसळला. प्राण्यांची संख्या भरमसाट वाढवण्यापेक्षा पिंजऱ्यात दोन-दोन ठेवून पिंजरे वाढवा. एकेकटं ठेवायचा मोह टाळा. एकटेपणाचा ताणही ऑक्सिडेटिव्ह खुणा (पेशींना ऑक्सिडेशनने झालेल्या इजेचे आकडे) हलवतो, आणि समितीही विचारते. गर्भावस्थेच्या प्रयोगात एकक पिल्लू नसतं, आई असते. एका आईची ८ पिल्लं म्हणजे ८ नमुने नव्हेत.

कोणता प्राणी कोणत्या गटात हे यादृच्छिक आकड्यांनी ठरवा. पिंजऱ्यात हात घालून आधी हाती येईल तो कंट्रोल, ही यादृच्छिक निवड नाही. हाती आधी तेच लागतात जे सुस्त असतात. बाटल्यांवर आणि पुढे स्लाइडवर गटाचं नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक.

## टप्पा ७: परवानगी

आता, आणि आत्ताच, फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरा. आधीच्या टप्प्यांशिवाय तो भरला तर संख्येचं समर्थन ‘मागील पेपरप्रमाणे’ असं लिहावं लागतं आणि तो परत येतो. लहान प्राण्यांसाठी संस्थेची प्राणी नैतिकता समिती निर्णय घेते. तिच्यावर सीसीएसईएचे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती, पूर्वीची सीपीसीएसईए) नामनिर्देशित सदस्य असतात. वजन किती घटलं किंवा प्राणी कोणत्या अवस्थेत गेला की त्याला प्रयोगातून काढून वेदनारहित मृत्यू द्यायचा, हा मुद्दा स्पष्ट आकड्यांत लिहा. मंजुरी येण्याआधी प्राणी मागवू नका. आल्यावर फॉर्म डीची, म्हणजे प्राणी आणि प्रयोग यांच्या नोंदवहीची, नोंद रोजची रोज ठेवा.

## टप्पा ८: प्रयोग चालू असताना

प्राणी आल्यावर किमान एक आठवडा त्यांना सवय होऊ द्या. आर्सेनाइटचं पाणी दर २-३ दिवसांनी ताजं करा, उरलेलं साठवू नका. तोलताना फ्यूम हूड, हातमोजे, मास्क. डबा कुलपात, आणि किती काढलं याची नोंद वहीत.

बाटली भरताना आणि काढताना वजन करा. याशिवाय एका रिकाम्या पिंजऱ्यावर तशीच बाटली टांगा. तिच्यातून जितकं गळलं ते सगळ्यांतून वजा करायचं. प्राण्यांचं वजन आठवड्यातून एकदा. या दोन आकड्यांवरून दर आठवड्याचा खरा डोस काढा.

ग्वाल्हेरमध्ये हे जास्तच महत्त्वाचं आहे. मे-जूनमध्ये बाहेर ४५ अंश असतं, वीज गेली की एसी बंद पडतो, आणि प्राणी दीडपट पाणी पितो. २०० ग्रॅमचा रॅट २२ ऐवजी ३३ मिलिलिटर प्यायला की १० पीपीएमच्या पाण्यावर त्याचा डोस १.१ वरून १.६५ होतो. तुम्ही काहीच बदललेलं नसतं. जमल्यास १६ आठवड्यांचा प्रयोग ऑक्टोबरमध्ये सुरू करा. जमत नसेल तर खोलीचं कमाल-किमान तापमान रोज लिहा आणि सगळ्या गटांचे पिंजरे रॅकवर आळीपाळीने हलवत राहा, नाहीतर वरच्या फळीवरचा गट नेहमीच जास्त पिईल.

> इशारा: आर्सेनिक गट आधी आणि कंट्रोल गट पुढच्या महिन्यात, असं कधीही करू नका. दोन्ही एकाच ऋतूत, एकाच खोलीत.

## टप्पा ९: नमुने घेण्याचा दिवस

सगळ्या गटांतले प्राणी त्या दिवशी मिसळून घ्या. सकाळी कंट्रोल आणि दुपारी आर्सेनिक असं केलंत तर यकृतातल्या ग्लुटाथायोनची दिवसभराची चढ-उतार तुमच्या निष्कर्षात शिरते. रात्रभर उपाशी ठेवण्यानेही ग्लुटाथायोन घसरतं. ठेवायचंच असेल तर सगळ्यांना सारखेच तास, आणि ते पेपरमध्ये लिहा.

रक्त घेतल्यावर यकृत आणि मूत्रपिंडातून थंड सलाइन सोडून उरलेलं रक्त धुऊन काढा. रॅटमध्ये याला पर्याय नाही, कारण तिथे रक्तातच आर्सेनिक दडलेलं असतं आणि न धुतलेल्या अवयवाचा आकडा खरं तर रक्ताचा असतो. ग्लुटाथायोनचा तुकडा लगेच मेटाफॉस्फोरिक आम्लात कुटा. फ्रीजमध्ये ठेवून ‘उद्या करू’ म्हटलं की ते ऑक्सिडाइज होतं. रक्त फुटलं असेल, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर एएसटी या यकृताच्या एन्झाइमचा आकडा टाकून द्या. टीबीएआरएस ही चरबीच्या ऑक्सिडेशनची चाचणी ढोबळ आहे. एकट्या तिच्या जोरावर ‘लिपिड पेरॉक्सिडेशन’ म्हणू नका, सोबत दुसरी एखादी खूण घ्या.

## टप्पा १०: आर्सेनिक मोजणं

ऑक्सिडेटिव्ह खुणांचे दहा तक्ते आणि आर्सेनिकचा एकही आकडा नाही, असे प्रबंध मी पाहिलेत. ऊतींतलं आर्सेनिक मोजल्याशिवाय उताऱ्याबद्दल बोलता येत नाही. यंत्र आपल्याकडे नसेल तर बाहेरून करून घ्या, पण नमुने नीट पाठवा.

काचसामान आणि नळ्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून डीआयोनाइज्ड पाण्याने धुवा. ऊती उघड्या भट्टीत जाळू नका, आर्सेनिक वाफेत उडून जातं. बंद भांड्यात, मायक्रोवेव्हमध्ये आम्लाने पचवा. हायड्राइड पद्धतीच्या एएएसवर (आर्सेनिकचा वायू करून प्रकाश शोषणावरून मोजणारं यंत्र) मोजणार असाल तर आधी पोटॅशियम आयोडाइड आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने पंचसंयुजी आर्सेनिक त्रिसंयुजी करून घ्या, नाहीतर आकडा कमी येतो. उलट डीएमए पुरतं पचलं नसेल तर ते हायड्राइडमध्ये नीट येत नाही, म्हणून पचन अर्धवट सोडू नका. आयसीपी-एमएसवर, म्हणजे वस्तुमानावरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या यंत्रावर, वेगळाच सापळा असतो. आर्सेनिकचं वस्तुमान ७५, आणि आर्गॉन व रक्त-लघवीतलं क्लोराइड मिळून बनणाऱ्या आयनाचंही ७५. हेलियमचा कोलिझन सेल (असे खोटे आयन हेलियमशी टक्कर घडवून अडवणारा कप्पा) चालू आहे का, हे लॅबला विचारा. नसेल तर कंट्रोल गटातही आर्सेनिक ‘सापडेल’.

मिथाइल केलेले प्रकार वेगवेगळे मोजायचे असतील तर लघवी उणे ८० अंशांवर गोठवा आणि लवकर मोजा. त्रिसंयुजी एमएमए व डीएमए साठवणीत टिकत नाहीत.

> तपासणी: प्रत्येक बॅचमध्ये रिकामा नमुना, माहीत असलेलं आर्सेनिक मिसळलेला नमुना आणि प्रमाणित संदर्भ नमुना होता का? मिसळलेलं ८५ टक्क्यांपेक्षा कमी परत मिळालं तर ती बॅच पुन्हा पचवा.

## टप्पा ११: लिहिणं आणि कचरा

पद्धतीच्या भागात इतकं तरी असावं: जात, लिंग, वय, वजन, संयुगाचं पूर्ण नाव आणि त्यातलं पाणी, पीपीएम क्षाराचे की आर्सेनिकचे, दर आठवड्याचा खरा डोस, खाद्यातलं आर्सेनिक, एकक पिंजरा की प्राणी, गट माहीत नसताना कोण मोजत होतं, किती प्राणी मेले किंवा काढले आणि का. अराइव्ह २.० ची (प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या पेपरमध्ये काय लिहावं याची) यादी शेजारी ठेवून लिहा. ती २०२० ची आहे आणि बरीच जर्नलं मागतात.

उरलेलं आर्सेनिकचं पाणी मोरीत ओतू नका. लेबल लावलेल्या कॅनमध्ये जमा करा. आर्सेनिक गटाचं अंथरूण आणि विष्ठा वेगळी बांधा, कंट्रोलच्या पिशवीत टाकू नका. मृतदेह पिवळ्या पिशवीत जातात, पण घेऊन जाणाऱ्या अधिकृत संस्थेला आर्सेनिक असल्याचं लेखी कळवा. भट्टीत ते धुरावाटे बाहेर पडतं, आणि त्यांना ते आधी माहीत असायला हवं. त्यांनी दिलेली पावती फॉर्म डीच्या फाइलला लावा.